सिमसिमाला भूक नाही

१

इनासची मांजर घराबाहेर पाऊल टाकत नाही, हे कॅम्प शेझार वस्तीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसायला काय झालं? इनास स्वतःच सांगत सुटायची. ती ट्रामच्या थांब्याजवळ औषधांच्या दुकानात बसायची, त्यामुळे लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि तीही कुणाला दुरुस्त करायची नाही. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसाला बाटलीबरोबर मांजरांवरचं व्याख्यान मिळायचं. मांजर बाहेर सोडू नका, गाडीखाली जातं, काहीबाही खातं. घरात ठेवा, पण नुसतं कोंडून ठेवू नका. त्याला उंचावर बसायला फळी द्या, नखं घासायला सुंभ गुंडाळलेला खांब द्या, कुंडीत गव्हाचं गवत लावा, जेवणाआधी पिसाशी खेळवा. सुरक्षित आणि आनंदी, दोन्ही पाहिजे.

अलेक्झांड्रियात हे सांगणं म्हणजे धाडसच. इथे ट्रामच्या थांब्यावर माणसाआधी मांजर बसलेलं असतं आणि मासेवाला पहिला तुकडा गिऱ्हाइकाला नाही, पायाशी बसलेल्यांना टाकतो. लोक मान डोलवायचे आणि दुकानाबाहेर पडल्यावर हसायचे. बिचारी. नवरा टिकला नाही, आता मांजराला जाळीत ठेवलंय.

जाळी खरीच होती. बाल्कनीला वरपासून खालपर्यंत. बाकीच्या बायका रस्त्यावरच्या बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या, वाणी त्यात पाव-अंडी ठेवायचा, की टोपली वर. इनासची ती सोय जाळीने गेली. म्हणून तिची टोपली मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मनवरमध्ये उतरायची. मनवर म्हणजे इमारतीच्या पोटातली उभी पोकळी. ठेवलीय उजेडासाठी, पण तिथून उजेड सोडून बाकी सगळं येतं: लसणाच्या फोडणीचे वास, दुसऱ्यांची भांडणं, कबुतरं. त्या खिडकीलाही जाळी होतीच. फक्त टोपलीपुरता एक पडदा कापलेला होता, काम झालं की दोरीने करकचून बांधायचा. तळाशी उम्म रामी राहायची. तिचं स्वयंपाकघर मनवरच्या तळातच उघडायचं. ती इनासचा पाव आणून टोपलीत ठेवायची आणि ओरडायची, "ओढ गं पोरी."

असं सगळं नीट चाललेलं होतं.

दुपारी इनास घरी आली की दाराच्या पलीकडे मांजर, सिमसिमा, उभी असायची. तीळ भाजावेत तसा रंग, आणि तोंड असं की हिशेब विचारायला बसलीय. किल्ली फिरायच्या आधीच तिची कुरकुर सुरू व्हायची: कुठे होतीस, किती उशीर, माझ्या जेवणाचं काय.

त्या दिवशी दार उघडलं आणि कुणीच नव्हतं.

इनासने हाक मारली. सिमसिमा स्वयंपाकघरातून आली, सावकाश, जिभेने मिशा पुसत. इनासने वाटीत मासा घातला. सिमसिमाने तो हुंगला आणि पुढच्या पंजाने भोवतीची फरशी खरवडली, घाण झाकतात तशी. मग फळीवर चढून झोपली.

तिचं पोट भरलेलं होतं.

२

आता इथे इनासच्या नवऱ्याचं सांगावं लागेल. दोन-चार वाक्यांत सांगते, त्याहून जास्त त्याची लायकी नाही. हातिम शेवटी शेवटी घरी यायचा तो जेवून यायचा आणि म्हणायचा, भूक नाही. इनास त्याला पुदिन्याचा चहा आणि पचनाची गोळी द्यायची. डॉक्टरीणबाई ना. त्याने सिदी बिश्र भागात दुसरा संसार मांडलाय हे सगळ्या इमारतीला कळून चुकलं तेव्हाही ती त्याची ॲसिडिटी बरी करण्यात गुंतलेली होती.

पण मांजराच्या बाबतीत तिला पहिल्याच दिवशी कळलं.

तिने सिमसिमाला उचललं आणि मानेच्या मागे नाक खुपसलं. रोज खुपसायची, तिथे उन्हात वाळलेल्या चादरीसारखा वास यायचा. आज तिथे साबणाचा वास होता. ऑलिव्हच्या तेलाचा, जुन्या पद्धतीचा, हिरवट वडीचा. इनासच्या घरात तो साबण नव्हता. आणि त्याखाली जिऱ्याचा, उकडलेल्या माशाचा. कुणीतरी मासा सोलला होता, हात स्वच्छ धुतले होते आणि मग त्या हातांनी तिच्या मांजराला मानेपासून शेपटीपर्यंत कुरवाळलं होतं.

अंगावर काटा यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर इनासच्या पोटात दुखलं. हात धुऊन मग कुरवाळणारी बाई. म्हणजे व्यवस्थित बाई. म्हणजे घरंदाज.

तिने जाळ्या तपासल्या. बाल्कनीची धड होती. स्वयंपाकघरातल्या पडद्याची गाठ तिचीच होती, तिच्याच पद्धतीची. दाराला कुलूप होतं, दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये. मग तिने खिडकीला तोंड लावून मनवरमध्ये हाक घातली आणि उम्म रामीला आडून आडून विचारलं, की मावशी, माझ्या मांजराला कधी काही खायला घालता का.

खालून हसण्याचा आवाज आला. उम्म रामीचं म्हणणं पडलं, की तुझ्या त्या राणीसाहेबांनी मागच्या ईदला माझा हात ओरबाडला होता, मी तिला मासा घालीन की चप्पल? आणि घालायचाच तर चार मजले चढून येऊ? माझे गुडघे तुला माहीत नाहीत?

"भूक नसेल तिला," उम्म रामी म्हणाली. "सगळ्यांनाच काय रोज भूक लागते?"

हे वाक्य इनासला आवडलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी टोपली वर आली, त्यात पाव होता आणि पावाखाली एक बशी.

पांढरी, निळ्या काठाची. बशीत बूरी मासा, उकडलेला, अजून कोमट. नुसता ठेवलेला नाही, बोटांनी सोडवलेला. एकही काटा नाही. मांजराच्या तोंडात मावतील असे तुकडे, एकमेकांना टेकवून रचलेले. घरातल्या लहान बाळाला भरवताना आजी करते तसे.

इनासला बरंच वाटलं. म्हणजे उम्म रामीच होती तर. काल नाही नाही म्हणाली, आज ओशाळून उघड पाठवलं. तिने बशी जमिनीवर ठेवली. सिमसिमा फळीवरून उडी मारून आली आणि घशातून गुरगुरत, शेपटी ताठ करून, बशी चाटूनपुसून मोकळी झाली. शेजारी इनासची वाटी तशीच होती. त्यातल्या माशावर साय धरल्यासारखं काहीतरी चढलं होतं.

बशी धुतली. पण रिकामी कशी पाठवणार? शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, एवढं तर आईने पाळण्यातच शिकवलेलं असतं. इनासने लोणकढ्या तुपातली पांढरी बिस्किटं केली होती, त्यातली बशीभर रचली, वर एकेक पिस्ता टोचला आणि टोपली खाली सोडली. दोरी हातातून सरकत गेली. मध्येच कुठेतरी टोपली किंचित थांबली, हलकी झाली, आणि पुन्हा सरकू लागली. दोरी कुणाच्या तरी खिडकीच्या कठड्याला अडकली असेल. अडकते कधी कधी.

संध्याकाळी जिन्यात उम्म रामी भेटली. इनासने विचारलं, बिस्किटं कशी झाली होती.

"कसली बिस्किटं?"

इनास हसली. उम्म रामी हसली नाही.

"टोपली रिकामी आली गं खाली. मला वाटलं, चुकून सोडलीस. मी तशीच वर पाठवली."

बशीचंही तेच. उम्म रामीकडे निळ्या काठाची बशी नव्हतीच, कधीच नव्हती. ती म्हणाली, मी तुला फक्त पाव दिला, आणि पावावर मासा ठेवायला मी काय हॉटेल काढलंय.

इनासने मनाला पटवून दिलं की मधल्या मजल्यावरचे विद्यार्थी असणार. शिकायला आलेली खेडेगावची मुलं, भुकेली, वांड. बिस्किटं त्यांनी उचलली. पण काटे काढून मासा रचणारा विद्यार्थी तिने आजवर पाहिला नव्हता.

बशी मात्र पुन्हा आली. कधी पावाखाली, कधी टोमॅटोखाली. कधी मासा, कधी कोंबडीचं काळीज बारीक चिरून. आणि इनास? इनास ती धुवायची, आणि दर वेळी काहीतरी भरून परत पाठवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. संस्कार म्हणा. टोपली प्रत्येक वेळी त्याच जागी हलकी व्हायची.

४

मग इनास चढाओढीला लागली. हसू येतं, पण लागली. जिच्याशी चढाओढ ती कोण, हेच माहीत नाही. तिने बंदरावरून ताजी कोळंबी आणली. नवीन फळी ठोकून घेतली, थेट पलंगाच्या वर. शहामृगाचं पीस आणलं. दुकानातून लवकर येऊ लागली. सिमसिमा पिसाकडे अशी बघायची, जसा आपण लग्नात नको असलेल्या नातेवाइकाचा नाच बघतो.

आणि मग उठून स्वयंपाकघरात जायची आणि खिडकीत बसायची. मनवरकडे तोंड करून.

मांजर आपल्याकडे बघत डोळे सावकाश मिटतं आणि सावकाश उघडतं, त्याचा अर्थ इनास दुकानात कितीजणांना समजावून सांगायची: त्याचा तुमच्यावर जीव जडलाय. सिमसिमा तसं फक्त इनासकडे बघायची, तेही वर्षातून एखाद्या दिवशी, मेहेरबानी केल्यासारखं. आता ती मनवरकडे बघून डोळे मिटत होती. उघडत होती. पुन्हा मिटत होती.

इनास तिच्या डोक्यामागे वाकली आणि त्या नजरेच्या रेषेत बघितलं. समोरच्या भिंतीत, एक मजला खाली, एक खिडकी होती. काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, पिवळी पडलेली. तो फ्लॅट बंद होता. वारसांची कोर्टात केस चालू होती आणि दाराला लाल लाखेचं सील होतं, इनास इथे राहायला आली तेव्हापासून.

तिने राखणदाराला, अम्म इद्रीसला, बरोबर घेतलं आणि जाऊन बघितलं. सील धड होतं. उंबरठ्यावर धुळीचा थर, त्यावर पाऊल नाही, पंजा नाही. इनासने दाराला कान लावला. अम्म इद्रीस जरा अस्वस्थ झाला, म्हणाला, "डॉक्टरीणबाई, कोर्टाचं दार आहे, हात नका लावू." मांजरं रिकाम्या हवेतही बघत बसतात, असंही त्याने समजावलं. माझ्या बायकोची तर भिंतीशी बोलते.

इनासला सगळं पटलं. ती जिना चढून घरी आली, चहा टाकला. तेवढ्यात मनवरमधून आवाज आला.

बिस बिस बिस. मांजराला बोलावतात तसा.

तसं सगळेच बोलावतात. पण इनास बोलावताना शेवटचा बिस आत ओढून घ्यायची, घोट घेतल्यासारखा. ती लकब तिची एकटीची होती. हातिम तिची त्यावरून नक्कल करायचा. मनवरमधल्या आवाजाने शेवटचा बिस तसाच आत ओढून घेतला, आणि चहा उतू गेला, आणि सिमसिमा तिच्या पायांना घासून खिडकीकडे पळाली.

इनासला आधी काय वाटलं, सांगू? भीती नंतर आली. आधी वाटलं, माझ्यापेक्षा गोड बोलावते.

५

त्या दिवशीची बशी तिने धुतली नाही. काही भरलंही नाही. टोपलीत पालथी ठेवली, रिकामी, आणि खाली सोडली. मनात म्हणाली, ही माझी मांजर आहे. तुझं तुला लखलाभ.

टोपली नेहमीच्या जागी थांबली. या वेळी बराच वेळ. दोरी हातात ताणलेली होती, पलीकडच्या टोकाला कुणीतरी विचार करत उभं राहावं तशी. मग ती सैल पडली.

उम्म रामीला तिने हे सांगितलं तेव्हा उम्म रामीने भाजी चिरायची थांबवली. "रिकामी पाठवलीस? आणि पालथी?" ती म्हणाली. "अगं, मी माझ्या सासूलासुद्धा असं कधी केलं नाही. आणि माझी सासू तू बघितली होतीस."

इनास म्हणाली, की तिकडे कुणी राहतच नाही तर राग कुणाला येणार.

"मग पाठवलीस कुणाला?" उम्म रामी म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

इनासने मच्छीमारांच्या दोऱ्याने जाळीतला तो पडदा शिवून टाकला. टाके इतके बारीक, की काडी जाणार नाही. पाव ती दुकानातून येताना आणू लागली. बशी बंद झाली. आवाज बंद झाला. सिमसिमाच्या मानेला पुन्हा तिचा स्वतःचा वास येऊ लागला.

आणि सिमसिमाने खाणं सोडलं.

ती खिडकीत बसून राहायची. पाठीचे केस हातात यायचे. पिसू नाही, ताप नाही, जनावरांच्या डॉक्टरने हात टेकले. इनास तिला मांडीवर घ्यायची, ती अंग ताठ करून, मुकाट, सुटका होईपर्यंत बसायची, आणि मग पुन्हा खिडकी. इनासच्या डोळ्यांसमोर ती वाळत चालली होती. दुकानात कुणी मांजराचं विचारलं तर इनास औषधाची बाटली कागदात गुंडाळायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. जाळी धड होती, कुलूप धड होतं. सुरक्षित होती सिमसिमा, त्यात प्रश्नच नव्हता.

एकदा तर कात्री हातात घेऊन ती खिडकीशी उभी राहिली. टाके उसवावे. पाठवू दे तिला काय पाठवायचं ते. खाईल तरी. मांजर जगेल. मग तिने डोळ्यांपुढे आणलं, सिमसिमा त्या बशीवर गुरगुरतेय, डोळे मिटतेय, दुसऱ्या कुणासाठी. तिने कात्री खणात ठेवून दिली.

६

त्या आठवड्यात वाळवंटाकडून वारं सुटलं. भर दुपारी आकाश हळदीसारखं पिवळं झालं, दातांत वाळू करकरू लागली, दुकानं बंद झाली. वीज गेली. इनासने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर डोळे मिटून बसली, तिथल्या फरश्या गार असतात म्हणून.

मांडीवर वजन आलं.

तिने डोळे उघडले नाहीत, श्वाससुद्धा रोखला. आपणहून आली होती. किती दिवसांनी. अंग गोल करून, सैल सोडून बसली. घरघर सुरू झाली, खोल, खुर्चीच्या लाकडातून जाणवेल इतकी. पंजे तिच्या पोटावर दाबले जाऊ लागले, एक, मग दुसरा, पीठ मळावं तसे. तिने पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. माझी बाई ती. माझी शहाणी. केस दाट होते, मऊ होते. एकही हातात येत नव्हता.

"बघितलंस?" ती खिडकीच्या दिशेने पुटपुटली. "आली की नाही?"

आणि मग, मिरवावंसं वाटलं म्हणून, तिने डोळे उघडून समोर बघितलं.

जाळीचे टाके जसेच्या तसे होते. त्यापलीकडे मनवरमध्ये पिवळा धुरकट उजेड भरला होता. एक मजला खालच्या खिडकीची वर्तमानपत्रं कुणीतरी काढली होती. काच पुसलेली होती, लखलखीत. आत कंदील होता. खिडकीच्या कट्ट्यावर, निळ्या काठाच्या बशीशेजारी, सिमसिमा बसली होती.

तीच होती. आपली मांजर ओळखायला माणूस चुकत नाही. हडकलेली, पाठीवरचे केस विरळ, तोंड हिशेब विचारायला बसल्यासारखं. तिच्या मागून एक हात आला. करड्या सुती बाहीतला, घरात घालायच्या झग्याची असते तशी बाही, मनगटाशी दुमडलेली. हात ओला होता, नुकताच धुतलेला. तो मानेपासून शेपटीपर्यंत फिरला, घाई न करता, आणि सिमसिमाने बशीतला तुकडा उचलला, चावला, गिळला. मग तिने मान वर करून इनासकडे बघितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडेही बघावं तसं.

इनासच्या मांडीवरची घरघर थांबली नव्हती.

तिने खाली बघितलं नाही. बोटं मात्र चाचपत पुढे सरकली, मानेवरून, डोक्यावरून. डोकं जिथे संपायला हवं होतं तिथे संपलं नाही. बोटं पुढे जात राहिली, मऊ, दाट, कोमट केसांवरून, खूप पुढे, खुर्चीच्या हातापलीकडे. कान अजून लागला नव्हता. पोटावरचे पंजे दाबले जात होते. एक, मग दुसरा, मग आणखी एक, मग आणखी.

ओरडावं, उठावं, झटकून टाकावं. सगळं तिला सुचलं. समोरची बाई दिसत नव्हती, पण बघत होती हे इनासला कळत होतं. त्या खिडकीतला हात थांबला होता. इकडे काय होतंय, ते बघायला थांबला होता.

इनास ताठ बसली. चेहरा शांत केला. आणि मांडीवर जे काही होतं त्याच्यावरून हात फिरवू लागली, सावकाश, पुन्हा पुन्हा, त्या खिडकीतून नीट दिसेल असा.